साच्यातून निघालेला गणपती ही कला आहे का?

कच्चीमूर्ती

आमच्या कॉलेजात चित्राला नावं ठेवायची असली की 'कॅलेंडर झालंय' म्हणतात. चेहरा जरा गोड आला, गालावर गुलाबी छटा पडली, पदराच्या चुण्या नीट दिसल्या की संपलं. चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत मीही हे सफाईने म्हणायला शिकले. पण माझं आजोळ पेणजवळचं. मामाचा गणपतीचा कारखाना आहे आणि सुट्टी लागली की मी तिथे ब्रश घेऊन बसते. म्हणजे वर्षभर ज्याची टिंगल करायची, तेच सुट्टीत मन लावून करायचं.

या सत्रात 'तुमच्या मते कला म्हणजे काय' असा निबंध लिहायचाय. पुस्तकातलं नको, स्वतःचं हवं, अशी सरांची तंबी आहे. अर्धा वर्ग केळ्यावर लिहितोय. माहीत असेलच: २०१९ साली मायामीच्या कलाजत्रेत मॉरिझियो कॅटेलान या इटालियन कलाकाराचं एक केळं चिकटपट्टीने भिंतीवर लावलेलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक आवृत्ती ६२ लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्याने केळं खाऊन टाकलं. मला केळ्याचा राग नाही. माझा प्रश्न बरोबर उलट्या टोकाचा आहे. केळ्यात हाताचं काम जवळजवळ शून्य, तरी ती कला आहे याबद्दल लिलावघराला शंका नाही. मामाकडे हाताच्या कामाशिवाय दुसरं काही नाही, आणि तिथे कला हा शब्द कुणी काढत नाही. (बिलबुकावर 'कला केंद्र' छापलंय ते सोडा. पेणमध्ये सगळेच कला केंद्र.)

ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शाडूची मूर्ती दोन भागांच्या साच्यात होते. माती मळून अंगठ्याने साच्याच्या कानाकोपऱ्यात दाबत जायची, दोन्ही भाग जुळवायचे, साचा सोडवायचा. हात, कान बऱ्याचदा वेगळे करून जोडतात. मग ओल्या ब्रशने सांधे मिटवायचे आणि सावलीत वाळत ठेवायची. उन्हात ठेवली की तडा गेलाच. प्लास्टरचं काम त्या मानाने झटपट. रबरी साच्यात ओतायचं, आत काथ्या लावायचा, सुकलं की पॉलिश पेपरने घासायचं. पुढे पांढरा हात (म्हणजे पांढऱ्या रंगाचा पहिला थर), अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने, सोनेरी. प्रत्येक कामाला वेगळी माणसं. एका साच्यातून शेकडो निघतात आणि फळीवर ओळीने बसतात तेव्हा सगळ्या अगदी सारख्या दिसतात.

सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आमच्याकडे आखणी मामी करते.

डोळ्याच्या खाचेत पांढरा आधीच भरलेला असतो. मामी करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवते, म्हणजे हात हलत नाही. बारीक शून्य नंबरचा ब्रश. वरच्या पापणीची रेघ एका दमात, कारण मध्ये थांबलं की जोड दिसतो. मग खालची पापणी, तपकिरी बुबुळ, त्यात काळं, कोपऱ्यात पुसटसा लाल, आणि शेवटी चमक, म्हणजे पांढरा ठिपका. तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडला पाहिजे, नाहीतर बाप्पा तिरळा. हे सगळं तंत्र झालं, सरावाने येतं. पण ऑर्डरची मूर्ती असेल तर मामी आधी विचारते, "ठेवणार कुठं?" बुटक्या चौरंगावर ठेवणार असतील तर बुबुळ किंचित वर, कारण आरतीला माणसं उभी असतात. उंच मखर असेल तर बुबुळ खाली आणि पापणी जरा जड. काहीच माहीत नसेल, दुकानात जायची असेल, तर मधला डोळा.

मागे एकदा घाईच्या दिवसांत बाहेरून आखणीवाला बोलावला होता. त्याच्या रेघेला नाव ठेवायला जागा नव्हती. मामीने फळीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "बघतायत सगळे, पण आपल्याकडं कुणी बघत नाय." मी नीट पाहिलं. खरंच होतं. त्याने दोनशे मूर्तींना एकच डोळा काढला होता. साच्यातून निघालेल्या मूर्तीला साच्यातलाच डोळा.

तर माझं मत, आजच्या तारखेला: करणाऱ्याला 'असं करू की तसं' हे जिथे स्वतः ठरवावं लागतं, आणि त्याने काय ठरवलं ते समोरच्याला जाणवतं, तिथे कला सुरू होते. ती एकमेव आहे का, खाली सही आहे का, भिंतीवर टांगलीय की पाण्यात जाणार आहे, हे सगळं नंतरचं. या हिशेबाने एकाच कारखान्यात, एकाच मूर्तीवर, काही काम कला असतं आणि काही नसतं. वर्गात हे बोलले तर सर म्हणाले, "म्हणजे तुझी मामी कलाकार आणि मूर्ती घासणारी बाई नाही?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा.

बदलापूर लोकल

पहिलाच धागा आणि थेट 'कला म्हणजे काय'! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लेखन मात्र फक्कड. आखणीचं वाचताना माझाच श्वास अडकला.

निवृत्त मास्तर

पोरी, विषय जुना आहे पण तू त्याला नव्या दारातून आत घेतलंस.

आमच्या पिढीने हा वाद 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या नावाने ऐकला. ना. सी. फडके पहिल्या बाजूला, वि. स. खांडेकर दुसऱ्या. आज मागे वळून पाहिलं की वाटतं, दोघांच्याही डोळ्यांसमोर कला म्हणजे कथा-कादंबरी होती. पेणचा कारखाना त्या वादात कुठे बसतो हे कुणी विचारलं नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वं मांडली. त्या मापाने तुझ्या मामीचा डोळा तपासता येईल, जड पापणी आणि खाली झुकलेलं बुबुळ यांचा संवादच तो. सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक रा. भा. पाटणकरांनी तर 'कला' या संकल्पनेला दोन ध्रुव आहेत असं दाखवलं: एक रोजच्या जगण्याला बांधलेला, दुसरा त्यापासून सुटा, स्वायत्त. आपण एका ध्रुवावर उभं राहून दुसऱ्याला खोटं ठरवतो. तुमच्या कॉलेजातलं 'कॅलेंडर' हे तेच आहे.

आता तुझ्या व्याख्येवर आक्षेप. 'ठरवावं लागणं' ही कलेची खूण कशी? शल्यचिकित्सकही क्षणोक्षणी ठरवतो. बोरघाटात ट्रक उतरवणाराही ठरवतो. त्यांना कलाकार म्हणणार का?

कच्चीमूर्ती

सर, धन्यवाद. पाटणकर आम्हाला अभ्यासक्रमात नाहीत, वाचते.

ट्रकवाल्याबद्दल: त्याने बरोबर ठरवलं तर ते आपल्याला कळतही नाही, चुकलं तरच कळतं. मामीचं उलट आहे. तिने बरोबर ठरवलं तरच ते समोरच्याला लागतं. म्हणून व्याख्येत दुसरा भाग घातलाय, समोरच्याला जाणवण्याचा.

निवृत्त मास्तर

हे निबंधात घाल. मी मार्क दिले असते.

रिकामटेकडा

एवढा खल कशाला? लोकांना आवडलं, लोकांनी पैसे दिले, झाली कला. केळ्याला ६२ लाख डॉलर मिळाले, मामीच्या डोळ्याला काय मिळतात? बाजार ठरवतो. हलके घ्या.

वकीलीणबाई

रिकामटेकडा, बाजार ठरवत असता तर आमची वकिली बंद पडली असती. हा प्रश्न कायद्यासमोर सारखा येतो आणि कायदा प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देतो.

आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) 'कलात्मक कृती'ची व्याख्या आहे. चित्र, शिल्प, रेखाचित्र, नकाशा, तक्ता, छायाचित्र, सगळं त्यात येतं, आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की त्यात कलागुण असोत वा नसोत. म्हणजे कायद्याने हात वर केले! चांगलं-वाईट आम्ही ठरवणार नाही. पण त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमात एक गंमत आहे. एखादी गोष्ट डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने तिच्या औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त प्रती काढल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. आता मामाची मूळ मूर्ती हे शिल्प, की साच्यातून काढायचं डिझाइन? शिल्प मानलं तर एक्कावन्नावा गणपतीही सुरक्षित. डिझाइन मानलं तर शेजारच्या कारखान्याने साचा उचलला तरी बोंब मारून उपयोग नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या सीमारेषेवर निकाल दिला: ती निखळ कलाकृती आहे, की तिच्यापासून काढलेलं आणि औद्योगिक पद्धतीने वस्तूला लावलेलं डिझाइन आहे, हे आधी तपासा. प्रकरण कशाचं होतं? गॅस वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगचं.

आणि सगळ्यात मजेशीर खटला अमेरिकेतला. १९२६ साली ब्रांकुशी या शिल्पकाराचं 'बर्ड इन स्पेस' जहाजाने न्यूयॉर्कला आलं. उंच, निमुळतं, चकचकीत ब्राँझ. पंख नाहीत, चोच नाही. कलाकृतीला जकात माफ होती, पण कस्टमवाल्यांनी ते स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान या सदरात घालून ४० टक्के जकात लावली. त्यांच्या मते शिल्प म्हणजे निसर्गातल्या गोष्टीची नक्कल, आणि हे तर पक्ष्यासारखं दिसत नव्हतं. कोर्टात साक्षीदाराला, जंगलात हे दिसलं असतं तर पक्षी समजून गोळी झाडली असतीस का, असंही विचारून झालं. १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी मान्य केलं की आता नवी कला आली आहे, आवडो न आवडो, तिची दखल घ्यावी लागेल.

धागाकर्तीसाठी यातली मेख अशी: तिथे 'हुबेहूब नाही म्हणून कला नाही' म्हणत होते. तुमच्या कॉलेजात 'हुबेहूब आणि गोड आहे म्हणून कला नाही' म्हणतात. शंभर वर्षांत कस्टमचा माणूस तोच, फक्त खुर्चीची दिशा बदलली.

अवांतर: आपलं कस्टमही काही कमी नाही. चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांच्या परदेशातून आणलेल्या सात कलाकृती मुंबईत अश्लील म्हणून जप्त झाल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. पदमसींवर तर १९५४ सालीही जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातल्या चित्रावरून खटला झाला होता आणि ते सुटले होते. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच.

बदलापूर लोकल

वकीलीणबाई, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. पॉपकॉर्न संपले, वडापाव आणतो.

मळवली

'कॅलेंडर' ही शिवी ऐकून राहवलं नाही. आमच्या गावाचं या शिवीशी जुनं नातं आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथे देवादिकांची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं निघायची, प्रत्येक रंगाला छपाईचा दगड वेगळा. एका चित्राला बरेच दगड लागायचे आणि कागद दरवेळी त्याच जागी बसला नाही तर लक्ष्मीचे ओठ गालावर. ते काम करणाऱ्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. रविवर्म्याची तैलचित्रं बडोद्याच्या राजवाड्यात, त्यांना सगळे कला म्हणतात. तीच लक्ष्मी, तीच सरस्वती छापून आजीच्या देवघरात आली की कॅलेंडर.

माझी आजी त्या छापील लक्ष्मीला रोज हळदकुंकू वाहायची. कागद कुंकवाने जड झाला होता. तैलचित्राला असं कुणी हात लावू देईल का? मग जास्त 'जाणवली' कुठली?

कच्चीमूर्ती

मळवली, हा मुद्दा माझ्या व्याख्येला त्रास देणारा आहे. आजीला जे जाणवलं ते रविवर्म्याने ठरवलेलं, की लक्ष्मी या देवीचं? मामीच्या मूर्तीबद्दलही हेच विचारता येईल. लोक हात जोडतात ते बाप्पाला, मामीच्या पापणीला नाही. तरी बाहेरच्या आखणीवाल्याच्या दोनशे मूर्ती विकल्या गेल्याच की.

डहाणूकर गुरुजी

मी डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या शाळांत आयुष्य काढलं. तुमच्या चर्चेत एक गोष्ट टाकतो, पटली तर घ्या.

वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक काढतात. भिंत शेणा-गेरूने सारवलेली, तांदळाच्या पिठाचं पाणी, ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. सवासिनी काढतात. मधे पालघाट देवी, भोवती नक्षीची चौकट. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत लग्न लावते. चौक नसेल तर लग्न लागत नाही, इतकं ते साधं आहे. लग्न झालं की तो चौक कुणी जपत नाही. धुराने काळा पडतो, पुन्हा सारवण बसतं.

१९७० च्या दशकात कलाकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, कागद आला, आणि गंजाडजवळच्या पाड्यावरचे जिव्या सोमा मशे पुढे आले. मशे थोर कलाकार, त्यात वाद नाही. त्यांनी चौकाबाहेरचं सगळं जग, शेत, मासेमारी, मुंग्यांची रांग, कागदावर आणलं. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. पण हिशेब पाहा. जे बायका भिंतीवर काढत होत्या तोपर्यंत त्याला विधी म्हणत होते. एका पुरुषाने कागदावर काढलं, प्रदर्शनात लागलं, तेव्हा जग त्याला कला म्हणू लागलं.

आता तुमचं 'ठरवणं'. चौक काढणाऱ्या म्हाताऱ्यांना मी विचारलंय की हे असंच का काढता. उत्तर एकच, असाच काढायचा असतो. त्यांच्या मनात 'असं करू की तसं' नाहीच. तुमच्या व्याख्येने त्यांचा चौक कलेच्या बाहेर राहतो. मला ते मान्य नाही.

सोनचाफा

+१ गुरुजी. आमच्याकडे गोधडी शिवणाऱ्या बायकांचंही तेच. चिंध्या कुठे लावायच्या हे त्या कधी 'ठरवत' नाहीत, पण एक गोधडी दुसरीसारखी होत नाही.

कच्चीमूर्ती

गुरुजी, दोन दिवस उत्तर लिहीत होते, खोडत होते.

मला वाटतं 'असाच काढायचा असतो' हे उत्तर मामीही देईल. तिला विचारलं की बुबुळ इतकंच खाली का, तर ती म्हणते, "मग कुठं ठेवू?" तोंडाने सांगता येत नाही म्हणजे ठरवलं नाही असं नाही. दोन घरांतले चौक शेजारी ठेवले तर देवीचे हात, चौकटीतली गर्दी, रेघेचा जाड-बारीकपणा सारखा निघेल का? नसेल तर कुणीतरी कुठेतरी ठरवलंय. हाताने ठरवलंय. पण बायकांचं ते विधी आणि पुरुषाचं ते कला, हा तुमचा मुद्दा मला पुरता मान्य आहे आणि त्यावर माझी व्याख्या काहीच म्हणत नाही, हेही खरं.

घासकाम

मी पेणजवळच्या जोह्याचा. कारखान्यातच वाढलो, आता स्वतःचा छोटा कारखाना आहे. ताई, तुम्ही आमच्यावर लिहिलंत, बरं वाटलं. पण तुमच्या कॉलेजच्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

घासणारीला कलाकार म्हणू नका. मेहेरबानी करून. आम्हाला कलाकार म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, "अहो तुम्ही कलाकार माणसं, पैशाचं काय एवढं!" कारागीर म्हटलं की नगाचा भाव ठरतो, उचल मिळते, हिशेब होतो. मंडळाची पोरं येतात, फोटो काढतात, 'काय कला आहे' म्हणतात आणि निम्मी रक्कम विसर्जनानंतर देऊ म्हणतात. ती येता येता दिवाळी.

दुसरं. घासण्यात ठरवावं लागत नाही असं कोण म्हणतं? पेपर जरा जास्त फिरला की नाकाची कड गेली, बोटांच्या पेरांमधली खाच बुजली. साचा जुना झाला की मूर्ती मऊ निघते, चेहऱ्याचा भाव पुसट होतो. मग चांगली घासणारी बाई कड परत काढते. तिच्याच जिवावर तुमच्या मामीला डोळ्याची खाच नीट मिळते. आखणी दिसते म्हणून तिचं नाव होतं. घासकाम चांगलं झालं तर दिसतच नाही.

तिसरं, कलेवर बोलताना प्लास्टर-शाडूचं विसरू नका. मे २०२० ला प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना आल्या, तेव्हापासून दरवर्षी धाकधूक. माल करावा की नाही, साचे बदलावेत की नाही. जून २०२५ ला हायकोर्टाने प्लास्टरच्या मूर्ती करायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाचा प्रश्न राहिलाच. शाडूचा साचा आणि प्लास्टरचा साचा एक नसतो, हातही एक नसतो. शाडूत माती दाबणारा अंगठा लागतो, आणि प्लास्टर ओतत आलेल्या पोरांना तो शिकायला वर्षं जातात. कुठली कला उरणार हे आमच्याकडे माती ठरवते आणि कोर्ट ठरवतं.

वकीलीणबाई

घासकाम, तुमचा पहिला परिच्छेद मी माझ्या अशिलांना छापून देणार आहे. करार लेखी करत जा, अर्धी रक्कम आगाऊ. हा फुकट सल्ला.

निवृत्त मास्तर

'घासकाम चांगलं झालं तर दिसतच नाही.' पोरी, तुझ्या ट्रकवाल्याच्या उत्तराला हा सरळ तडाखा आहे. न दिसणारं, न जाणवणारं काम कलेच्या बाहेर, असं तू म्हणाली होतीस.

ह्यूस्टनची काकू

आमच्याकडे गणपती कंटेनरने येतात, म्हणून भारतातून फार लवकर निघावे लागतात. पण गेली काही वर्षं इथल्या मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मातीचा गणपती करायला शिकवतो. माझ्या लेकाने केलेला बाप्पा एका बाजूला कलला होता, एक डोळा मोठा, एक बारीक. कच्चीमूर्ती, तुझ्या मामीने पाहिला असता तर तिला झीट आली असती. तरी घरात तोच बसवला. पेणहून आलेला सुबक गणपती शेजारी बसवला, तर पाहुणे याच्याकडेच बघत बसले.

ही कला का? मुळीच नाही, असं माझं मत. माझा मुलगा होता म्हणून बघत होते. सगळं काही जाणवलं म्हणून कला होत नाही. तेव्हा तुझी व्याख्या जरा आवळ.

रिकामटेकडा

आणि एआयने काढलेला गणपती? तिथे कुणी ठरवलं?

बदलापूर लोकल

रिकामटेकडा, त्याचा वेगळा धागा काढा हो. तिकडे सहाशे प्रतिसाद होतील. आम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळेतल्या चित्रकला परीक्षावाले. स्मरणचित्रात बसथांबा काढायचा, दोन माणसं, एक कुत्रा, मागे झाड. सगळ्या महाराष्ट्रात तोच कुत्रा. तरी ए ग्रेड मिळाली तेव्हा आईने पेढे वाटले.

कच्चीमूर्ती

घासकाम दादा, तुमचा प्रतिसाद मामाला वाचून दाखवला. उचल आणि दिवाळीच्या ठिकाणी तो दोनदा "बरोबर" म्हणाला.

मास्तर सर, मान्य. 'जाणवणं' या शब्दाने मी न दिसणाऱ्या कामाला बाहेर काढलं. काकू, तुमच्याही बाजूने व्याख्या गळतेय. निबंधात मी व्याख्या ठेवतेय, पण तिच्याखाली या दोन्ही गळती लिहितेय. कॉलेजच्या सरांना नीटनेटकं उत्तर हवं असेल तर त्यांनी दुसऱ्याचा निबंध वाचावा.

आता पुढची भानगड. निबंधासोबत एक प्रत्यक्ष काम द्यायचंय, सत्रअखेरच्या प्रदर्शनात मांडायचं. माझा विचार असा: एकाच साच्यातल्या एकवीस कच्च्या मूर्ती घ्यायच्या. रंग नाही, दागिने नाहीत, फक्त डोळे. काहींचे मामी काढेल, काहींचे मी, काहींचे तो बाहेरचा आखणीवाला. काहींना डोळे नाहीतच, नुसतं घासकाम, आणि त्या प्रकाशात अशा ठेवायच्या की नाकाची कड आणि बोटांच्या पेरांमधल्या खाचा दिसाव्यात. प्रत्येकीखाली पाटी: कुणी दाबली, कुणी घासली, कुणी आखली, नगाला किती मिळाले. आमच्याकडे पाटाच्या तळाला शिक्का असतो तो कारखान्याच्या नावाचा. तो तसाच राहू दे.

डहाणूकर गुरुजी

नावं त्यांना विचारूनच लिहा. आणि त्यांना प्रदर्शनाला घेऊन या, गाडीभाडं देऊन.

रिकामटेकडा

म्हणजे मार्क तुला, आणि मामीचं काम 'तुझी कलाकृती' म्हणून लागणार. मजा आहे.

कच्चीमूर्ती

रिकामटेकडा, यावेळी टोमणा बरोबर जागी बसला. कॉलेजचा नियम आहे की काम एकाच विद्यार्थ्याच्या नावाने जमा करायचं. मी अर्जात सगळी नावं घालून बघणार आहे. नाकारलं तर तो नाकारलेला अर्जही शेजारी लावेन.

गुरुजी, विचारलं. घासकाम करणाऱ्या दोघींपैकी एक हो म्हणाली. दुसरी म्हणाली, नाव नको, दिवसाची मजुरी दे, कारण त्या दिवशी कारखाना बुडणार. मामीला प्रदर्शनाचं काही वाटत नाही. तिने एवढंच विचारलं की मूर्ती किती उंच ठेवणार, आणि बघणारी माणसं उभी असणार की बसलेली.

घासकाम

ताई, एकवीस कच्च्या मूर्ती मामा फुकट देतोय का?

कच्चीमूर्ती

फुकट कसला! अनामत ठेवायला सांगितलीय. तडा गेला तर नगाप्रमाणे भरून द्यायचे. आणि प्रदर्शन संपलं की त्याच रात्री टेम्पोने परत, मे अखेरच्या आत. तोपर्यंत लालबागच्या व्यापाऱ्याचा माल निघायचाय आणि या एकवीस त्यात धरलेल्या आहेत. ज्यांना डोळे काढलेत ते पुसून पुन्हा पांढरा मारणार, कारण त्यांना मधला डोळा लागतो.